लाटेकमध्ये मराठी: झीलाटेक वापरून पाहा

लाटेक म्हणजे साध्या फाइलमध्ये लिहिलेल्या मजकुरापासून छापील पानं जुळवणारी प्रणाली. त्यातलं पीडीएफ बनवणारं नेहमीचं पीडीएफलाटेक देवनागरी अक्षर दिसताच त्रुटी दाखवून थांबतं. त्यात तुमच्या फाइलचा दोष नाही. टर्मिनलवर त्याऐवजी झीलाटेकची कमांड (xelatex) द्या. ते युनिकोड थेट वाचतं आणि संगणकावरचे ओपनटाइप फॉन्ट वापरतं. फॉन्टस्पेकमध्ये, म्हणजे फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये, लिपी देवनागरी सांगायला मात्र विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

भाषा मराठी, हेही सांगाच. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ छापून तपासा. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ टंकायचा.

अनुक्रमणिका रिकामी दिसली तर तीच कमांड पुन्हा चालवा.