लहान लेथचा टूल पोस्ट : तुम्ही कोणता वापरता, कसा बनवलात?

गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद बाल्कनीत लहान लेथ ठेवून काम करणारे आपल्यात आता बरेच झालेत. चक, मोटर, बेल्ट यांवर आपण भरपूर बोलतो, टूल पोस्टवर, म्हणजे कापणारं टूल धरून ठेवणाऱ्या भागावर, मात्र कुणी सविस्तर लिहीत नाही. माझं ठाम मत आहे की लहान मशीनवर फिनिश आणि पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) या दोन्हींचा निकाल निम्म्याहून जास्त इथेच लागतो.

माझ्याकडे ७ इंची मिनी लेथ आहे, म्हणजे बेडवर साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरतो. सोबत आलेला चौकोनी फोर-वे (चार टूलं बसणारा) पोस्ट भक्कम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्रास पॅकिंगचा, म्हणजे उंची लावायला टूलखाली घालायच्या पट्ट्यांचा. टूलचं टोक सेंटरच्या (जॉबच्या मध्यरेषेच्या) वर गेलं की टूलची पुढची बाजू जॉबला घासते. खाली राहिलं की रेक (टूलच्या माथ्याचा उतार) कमी होतो आणि बारीक जॉब टूलवर चढू पाहतो. १०० मिमीच्या जॉबवर पाव मिलिमीटरचा फरक खपून जातो, ८ मिमीच्या दांड्यावर तोच फरक लगेच दिसतो. आणि आपलं सगळं काम बारीक दांड्यांचंच असतं.

तर लिहा. कोणता पोस्ट आहे, विकत घेतला की बनवला, सेंटर हाइट कशी लावता? मापं दिलीत तर फार बरं.

आलेली उत्तरं

भोसरी, पुणे

माझी नोकरी सगळी एचएमटीच्या एलबी १७ लेथवर गेली, आता घरी छोटं मशीन आहे. दोन्हीकडे फोर-वेच. पॅकिंगला लोक उगाच घाबरतात. एकदा टूल सेंटरला लावलं की त्याचं पॅकिंग त्याच्याबरोबरच राहिलं पाहिजे. प्रत्येक टूल आणि त्याच्या पट्ट्या रबर बँड लावून एकत्र ठेवायच्या, डब्यात मोकळ्या टाकायच्या नाहीत.

पट्ट्या टूलच्या सीटइतक्या लांब हव्यात. पुढे अर्धा इंच आणि मागे काहीच नाही, असं केलं की टूल वाकून बसतं आणि कट घेताना खाली दबतं. पाच पातळ पट्ट्यांपेक्षा एक जाड आणि एक पातळ बरी. हाताच्या हॅक्सॉचं मोडकं ब्लेड ०.६५ मिमीच्या आसपास असतं. त्याचे दात ग्राइंडरवर उडवले की उत्तम पॅकिंग तयार. पॉवर हॅक्सॉचं ब्लेड जाड असतं, तेही जपून ठेवा.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला धार लावताना शक्यतो पुढची आणि बाजूची कडच घासा. वरचा माथा घासला की उंची गेली आणि पॅकिंग बदललं. आणि टूल पोस्टच्या बाहेर जेवढं कमी काढता येईल तेवढं कमी. ८ मिमीचं टूल १२ मिमीपेक्षा जास्त बाहेर दिसलं की मला चैन पडत नाही.

सातपूर, नाशिक

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवते. आमच्याकडे मुलं सिंगल-वे, इंडेक्सिंग आणि क्विक चेंज (टूल होल्डरसकट झटकन बदलता येणारा) असे प्रकार शिकतात. पण घरच्या मशीनसाठी पोस्ट घेण्याआधी किंवा बनवण्याआधी एकच माप लागतं, ते म्हणजे टॉप स्लाइडच्या (पोस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या भागाच्या) माथ्यापासून चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या सेंटरपर्यंतची उंची. ऑनलाइन पोस्ट मागवणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

चकमध्ये २० मिमीचा सरळ दांडा पकडा. टॉप स्लाइडच्या माथ्यापासून दांड्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. चक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे थ्री-जॉ चकचा रनआउट (जॉब किंचित मध्याबाहेर फिरणं) निघून जातो. समजा ३५ मिमी आलं. त्यातून १० गेले, राहिले २५. टूल ८ मिमीचं असेल तर टूलखाली जास्तीत जास्त १७ मिमी मावतील. मी मुलांना १६ ठेवायला सांगते. वर १ मिमीचं पॅकिंग घालणं सोपं आहे, तयार पोस्टची सीट पुन्हा खाली नेणं कटकटीचं.

टूल लावल्यावर तपासायला स्टीलची पातळ पट्टी दांडा आणि टूलचं टोक यांच्यामध्ये अलगद दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. कार्बाइडच्या टोकावर हे करू नका, कोपरा उडतो. त्यासाठी फेसिंग करून (दांड्याचं तोंड सपाट कापून) बघा. टूल खाली असेल तर मधोमध बारीक दांडी उरते. वर असेल तर मध्याजवळ आल्यावर ते कापायचं सोडून घासायला लागतं.

उद्यमनगर, कोल्हापूर

ताईंनी माप छान सांगितलं. आता माझा पोस्ट सांगतो. विकतचा क्विक चेंज सेट बघितला, किंमत बघितली आणि आपणच करायचं ठरवलं. गोल खांबाचा केला. इंग्रज हौशी कारागिरांत याला नॉर्मन पद्धतीचा पोस्ट म्हणतात, जुनी आणि खणखणीत पद्धत आहे. मिलिंग मशीन नसेल त्यानं दुसरं काही करूच नये असं माझं मत.

खांब २५ मिमी व्यासाचा, ईएन ८ स्टीलचा. मधून भोक, त्यातून टॉप स्लाइडचा स्टड, वर नट. खांबावर बसणारा ठोकळा एमएसचा (माइल्ड स्टीलचा), ४० बाय ५० बाय ३५ उंच. ठोकळा फोर-जॉ चकमध्ये धरून खांबाच्या मापाला बोर केला. खांब हातानं सरकावा, पण हलू नये, एवढीच ढील. बोर करताना घाई नको, शेवटचे कट अगदी बारीक घ्या आणि दर कटानंतर खांब लावून बघा.

पुढचा क्रम महत्त्वाचा. आधी पिंच बोल्टचं एम ८ चं भोक आणि आटे (ड्रिल ६.८ मिमी), मग हॅक्सॉनं चीर. चीर आधी मारली तर ड्रिल चिरेत शिरून तिरकं पळतं. चीर जरा रुंद पाहिजे म्हणून फ्रेममध्ये दोन ब्लेडं एकदम लावली. बोल्ट आवळला की ठोकळा खांबाला घट्ट पकडतो.

टूलची खाच कापायला ठोकळा त्याच खांबावर, त्याच टॉप स्लाइडवर आवळला, एंड मिल (मिलिंगचं फिरतं टूल) स्पिंडलमध्ये कोलेटमध्ये धरली आणि क्रॉस स्लाइडनं (आडव्या सरकत्या भागानं) फीड दिलं. चकमध्ये एंड मिल धरू नका, ती कडक असते, सटकून पुढे येते. खाच १० मिमीची केली, वरून एम ६ चे तीन अॅलन स्क्रू. उंचीसाठी ठोकळ्याच्या माथ्यावर एक पट्टी आणि त्यातून खाली येऊन खांबाच्या डोक्यावर टेकणारा एम ६ चा स्क्रू, मुंडीला नर्लिंग. पिंच बोल्ट ढिला करायचा, स्क्रू फिरवून टूल सेंटरला आणायचं, बोल्ट आवळायचा. पॅकिंग संपलं.

एक उणीव आहे. बोल्ट ढिला केला की ठोकळा खांबाभोवती फिरतोही, म्हणून टूलचा कोन पुन्हा लावावा लागतो. टर्निंगला फार बिघडत नाही, पार्टिंगच्या टूलला मात्र चकच्या तोंडाला टेकवून सरळ करतो आणि मगच आवळतो.

लीड्स, इंग्लंड

कोल्हापूरच्या दादांचा पोस्ट वाचून आनंद झाला, इथल्या जुन्या मॉडेल इंजिनीअर मंडळींच्या शेडमध्ये असे पोस्ट अजून दिसतात. माझ्याकडे मायफोर्ड एमएल ७ आहे. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये १९४६ पासून हे मॉडेल बनायला लागलं, सेंटर हाइट साडेतीन इंच.

पुढे डिक्सन प्रकारचा क्विक चेंज आहे, पण मला सांगायचंय ते मागच्या पोस्टबद्दल. एमएल ७ च्या क्रॉस स्लाइडवर टी-स्लॉट (उलट्या टी आकाराच्या खाचा) असतात, त्यामुळे जॉबच्या पलीकडे कास्ट आयर्नचा एक ठोकळा कायमचा बसवता येतो. त्यात पार्टिंगचं ब्लेड उलटं, म्हणजे कापणारी कड खाली करून. स्पिंडल नेहमीच्याच दिशेनं फिरतं.

पुढच्या बाजूला ब्लेडवर जोर आला की ते खाली वाकतं आणि वाकताना जॉबमध्ये अजून शिरतं. मग अडकतं, ब्लेड तुटतं किंवा जॉब चकमधून निघतो. मागच्या बाजूला जोर वरच्या दिशेनं येतो आणि ब्लेड लवलं तर जॉबपासून दूर जातं. शिवाय चिप खाली पडते, खाचेत अडकत नाही. टॉप स्लाइडची सगळी ढील या साखळीतून निघूनच जाते.

ब्लेड पुढेच उलटं लावून स्पिंडल उलटं फिरवलं तर चालेल का, असं कुणी विचारेल. मायफोर्डचा चक आट्यांवर बसतो, उलट्या दिशेनं जोर आला तर तो सुटू शकतो. म्हणून मागचाच पोस्ट बरा.

सांगली

माझं मिनी लेथ आहे, क्रॉस स्लाइडला टी-स्लॉट नाहीत, त्यामुळे मागचा पोस्ट जमला नाही. मी टॉप स्लाइडच काढून टाकली. तिच्या जागी सी ४५ स्टीलचा घट्ट ठोकळा, त्यावर पोस्ट. पार्टिंगची थरथर जवळजवळ गेली. टेपर लागला की टॉप स्लाइड परत बसवतो, तेवढंच. बारीक पिचचे आटे सरळ आत फीड देऊन कापतो, अडचण येत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

इथे क्विक चेंज सहज मिळतो, म्हणून विकतच घेतला. अमेरिकेत मापं अक्षरांत सांगतात. ७ इंची मशीनला ०एक्सए. त्याच्या वरचा एएक्सए पोस्ट मोठ्या मशीनसाठी असतो. लहान मशीनवर तो चढवला तर होल्डर तळाला टेकतो आणि तरी टूल सेंटरच्या वरच राहतं. वर ताईंनी सांगितलेलं माप घेऊन विक्रेत्याच्या आकड्याशी ताडून बघा, मगच पैसे भरा.

पोस्टचं मधलं भोक माझ्या स्टडपेक्षा मोठं निघालं. पितळेचा बुश टर्न करून घातला, तेव्हा पोस्ट दरवेळी त्याच जागी बसायला लागला. होल्डर आवळायला पिस्टनचा पोस्ट बरा की वेजचा (पाचरीचा), यावर लोक तावातावानं भांडतात. वेज होल्डरला पोस्टकडे ओढून धरतो, पिस्टन एका ठिकाणी ढकलतो. आपल्या मशीनवर घेता येणाऱ्या कटात मला फरक कळलेला नाही. होल्डर किती आहेत यानं फरक पडतो. प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर हवा, नाहीतर क्विक चेंज घेऊन उपयोग काय?

चिंचवड

होल्डर जास्त हवेत तर ते एकेक करू नका. मी लांब पट्टीतच डव्हटेलची (तिरक्या कडांची) खाच एका सेटिंगमध्ये मिलिंगवर काढून घेतली आणि मग पट्टीचे तुकडे केले. सगळे होल्डर एकाच मापाचे. जॉब वर्क करणाऱ्या शॉपला लांब पट्टीचं एकच सेटिंग परवडतं, सुटे तुकडे नेले की ते वैतागतात.

पोस्टवरच्या बाहेरच्या ६० अंशी डव्हटेलचं माप व्हर्नियरच्या जबड्यात थेट येत नाही. दोन्ही कोपऱ्यांत सारखे रोलर ठेवून बाहेरून बाहेर मोजायचं. बुडातली अरुंद रुंदी अधिक रोलरच्या व्यासाची २.७३२ पट, एवढं माप आलं पाहिजे. ६ मिमीचे रोलर आणि बुडाशी ३० मिमी हवं असेल तर ४६.३९. जुन्या बेअरिंगचे रोलर चालतात, फक्त दोन्ही मायक्रोमीटरवर सारखे भरायला हवेत.

सी ४५ तसंच ठेवलं, हार्डनिंग केलं नाही. आपल्या वापराला गरज नाही आणि हार्ड करताना तुकडा वाकला तर सगळं मुसळ केरात. गंज नको म्हणून ब्लॅकोडायझिंग (पृष्ठभागावर काळा थर) तेवढं करून घेतलं.

सोलापूर

माझं थोडं वेगळं. पोस्ट तोच जुना, टूल होल्डर बदलला. टँजेन्शियल होल्डर. यात ६ मिमीचं चौकोनी एचएसएस बिट आडवं न राहता जवळजवळ उभं राहतं, पुढे आणि बाजूला साधारण १२ अंश कललेलं. धार लावायला फक्त वरचं एक तोंड घासायचं, त्यासाठी एक तिरका गाइड केला की झालं. उंची कमी झाली तर बिट वर सरकवून आवळायचं, पॅकिंगचा संबंधच नाही. टर्निंग आणि फेसिंग दोन्ही एकाच बिटानं होतं. बोरिंग आणि पार्टिंगला मात्र वेगळं टूल लागतंच.

डोंबिवली

मी जुनी मशीनं दुरुस्त करतो. सगळ्यांचे पोस्ट चांगले आहेत, पण ते ज्या टी-नटवर (टी-स्लॉटमध्ये बसणाऱ्या नटवर) उभे आहेत त्याकडे बघा. माझ्याकडे टॉप स्लाइडच्या टी-स्लॉटचे ओठ तुटलेली मशीनं येतात आणि कारण बहुतेक वेळा तेच असतं. घरी केलेल्या टी-नटला आरपार आटे पाडलेले असतात. वरचा नट आवळताना स्टडही फिरतो, टी-नटच्या खालून बाहेर येतो आणि स्लॉटच्या तळाला टेकतो. तिथून पुढे तुम्ही पोस्ट आवळत नसता, टी-नट वर उचलत असता. वरच्या कास्ट आयर्नचे ओठ तो जोर सहन करत नाहीत, एकदम मोडतात.

टी-नटचे शेवटचे एक-दोन आटे खालून पंचनं ठोकून बंद करा, म्हणजे स्टड तिथेच थांबेल. टी-नट शक्य तितका लांब करा, स्लॉटभर. आणि स्टडला लांब पाइप लावून आवळायची सवय असेल तर ती सोडा. खालचा तळ सपाट आणि बर काढलेला असेल तर हातभर लांबीच्या स्पॅनरशिवायही पोस्ट जागचा हलत नाही. तळ तपासायला मार्किंगची निळी शाई पातळ लावा, टॉप स्लाइडवर पोस्ट घासून बघा. ठसा कडेच्या चारही बाजूंना उमटला पाहिजे. फक्त मध्ये उमटला तर मधला भाग फेसिंग करून किंचित खोल घ्या.