प्रतिसाद: लॅपटॉप स्लीपमधून उठला की बाहेरची हार्डडिस्क गायब

तुम्ही विचारलंय की लॅपटॉप स्लीपमधून उठला की बाहेरची हार्डडिस्क दिसत नाही. केबल काढून पुन्हा लावली की डिस्क दिसते, म्हणजे डिस्क बहुधा शाबूत आहे. आधीच्या एका प्रतिसादात कुणी डिस्क फॉरमॅट करायला (म्हणजे सगळी पुसायला) सुचवलंय, ते अजिबात करू नका. गडबड बहुतेक विजेची आहे.

विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या (लॅपटॉपमधली यूएसबी पोर्ट सांभाळणारा भाग) प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंटखालची 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची टिक काढा. मग पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) डिसेबल करा, बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी. (बॅटरीचं हमखास राहून जातं.) नव्या लॅपटॉपवर पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नसतो कधीकधी, मग पुढचं बघा.

२.५ इंची (छोट्या) डिस्कला सहसा वेगळा अडॅप्टर नसतो, वीज ती यूएसबी पोर्टमधूनच घेते. जाग आल्यावर तबकडी फिरायला लागताना ती क्षणभर जास्त करंट ओढते. यूएसबी २.० पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. तेव्हा ३.० पोर्ट आणि आखूड केबल वापरा, हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड) लागलाच तर स्वतःच्या अडॅप्टरचा. बिनअडॅप्टरच्या हबवर वीज कमी पडत असेल तर सेटिंग कितीही बदला, उपयोग शून्य.

कॉपी चालू असताना मात्र स्लीप नकोच. फाइल अर्धवट लिहिली गेली तर वरचं काहीच कामाला येणार नाही.