रॅव्ह-फोर हायब्रिडने पहिल्यांदाच कॅम्पर ट्रेलर ओढायचा आहे (मेलबर्न ते हॉल्स गॅप): वजन, ब्रेक आणि रिव्हर्सबद्दल मदत हवी

टार्नेटकर:

नमस्कार मंडळी,

ईस्टरच्या लाँग वीकेंडला ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात जायचं ठरलंय, मुक्काम हॉल्स गॅपला. भाड्याने सॉफ्ट-फ्लोअर कॅम्पर ट्रेलर मिळतोय. गाडी टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड, ऑल-व्हील-ड्राइव्ह. टोबार आहे, सात पिनांचा चपटा प्लग आहे. ट्रेलरच्या प्लेटवर टेअर (रिकाम्या ट्रेलरचं वजन) ११२० आणि एटीएम (भरलेल्याचं कमाल वजन) १५०० किलो लिहिलंय. ब्रेक इलेक्ट्रिक आहेत. मालक म्हणतो टोबारच्या बॉलवर १२० किलो येतात. आम्ही चौघं, दोन मोठी आणि दोन लहान.

याआधी ट्रेलर कधीच ओढलेला नाही. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात:
१. गाडीला हे वजन खरंच झेपेल का, की फक्त कागदावर?
२. गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) नाही. त्याशिवाय चालेल का? जोडताना काय चुकतं?
३. रिव्हर्स कसा शिकावा आणि हायवेवर ट्रेलर डुलायला लागला तर काय करावं?

लोखंडी_साखळी:

टार्नेटकर, वजनाबद्दल लिहितो, कारण तुमचं प्रकरण अगदी काठावर आहे.

२०१९ ते २०२५ च्या ऑल-व्हील-ड्राइव्ह हायब्रिडला ब्रेक असलेला ट्रेलर १५०० किलोपर्यंत ओढता येतो. तीच गाडी टू-व्हील-ड्राइव्ह असेल तर मर्यादा ४८० किलो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आपली नक्की कोणती ते मॅन्युअल काढून बघा. टोबारवरही वेगळी प्लेट असते. गाडी आणि टोबार यांच्यात जो आकडा कमी, तोच तुमचा.

एटीएम म्हणजे गाडीपासून सुटा केलेल्या, सगळं सामान भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. तुमच्या ट्रेलरचा एटीएम गाडीच्या मर्यादेइतकाच आहे. टेअर वजा जाता सामानाला उरतात ३८० किलो. खूप वाटतात, पण पाण्याची ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो गेले. ९ किलोचा गॅस सिलिंडर बाटलीसकट १७-१८ किलोंचा. मग फ्रिज, अ‍ॅनेक्स, लोखंडी पोल, खुंट्या, गाद्या, खुर्च्या, सरपण. शिवाय मालकाने नंतर बसवलेली बॅटरी किंवा ऑनिंग टेअरमध्ये बहुतेक वेळा धरलेली नसते. म्हणून प्लेटवर विसंबू नका, सार्वजनिक वजनकाट्यावर जा. सगळं भरून, सगळे जण गाडीत बसून जायचं आणि तीन वजनं घ्यायची:

- ट्रेलर सुटा करून फक्त ट्रेलर: एटीएमशी ताडून बघा
- ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त गाडीची चाकं: गाडीच्या जीव्हीएमशी (भरलेल्या गाडीचं कमाल वजन)
- दोन्ही मिळून: जीसीएमशी (गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन)

दुसऱ्या वजनात बहुतेकांचा घोटाळा होतो. बॉलवरचं वजन गाडीच्या पेलोडमधून (माणसं-सामान वाहायच्या क्षमतेतून) जातं. तुमचाच हिशेब मांडू: चार माणसं अंदाजे २२०, टोबार ३०, बॉलवर १२०, म्हणजे डिकीत पिशवी ठेवायच्या आधीच ३७० झाले. या आकाराच्या गाडीला एकूण पेलोड साधारण ४५० ते ५०० किलो असतो. त्यावर रूफ रॅक चढवला की संपलं.

आता बॉलचा आकडा. इथे एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास वजन बॉलवर असावं असा ठोकताळा आहे. १५०० चे १० टक्के १५०, आणि तुमच्या गाडीची बॉलची मर्यादाही १५० च आहे. म्हणजे ट्रेलर पूर्ण भरलात तर हलवायला जागाच राहत नाही. ट्रेलर १३५० वर थांबवा आणि बॉलवर १३० ठेवा. गाडीही सुखात, ट्रेलरही सरळ चालेल.

मालकाचे १२० रिकाम्या ट्रेलरचे की भरलेल्याचे, हे विचारलंत का? स्वतः मोजा. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, बाथरूमचा वजनकाटा कपलिंगच्या (ट्रेलरचं बॉलवर बसणारं टोक) बरोबर खाली आणि मध्ये योग्य उंचीचा लाकडी ठोकळा. कपलिंगची उंची जोडलेली असताना असते तेवढीच हवी. जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं आधाराचं छोटं चाक) काट्यावर ठेवून मोजू नका. ते चाक ॲक्सलच्या जवळ असल्यामुळे आकडा जास्त दाखवतं आणि बॉलवर पुरेसं वजन आहे असा गैरसमज होतो.

जड वस्तू ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. मागच्या बाजूला सायकली, जेरीकॅन लटकवू नका. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर बॉलवरचं वजन कमी होतं, पुढे असेल तर वाढतं. अर्धवट भरलेली टाकी हिंदकळते. हॉल्स गॅपच्या कॅरॅव्हान पार्कात नळ आहेत, तेव्हा टाकी रिकामी न्या आणि बॉलचं वजनही रिकाम्या टाकीनिशीच मोजा.

निळी_वायर:

ब्रेकबद्दल. ७५० किलोपेक्षा जास्त जीटीएम असलेल्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. जीटीएम म्हणजे जोडलेल्या ट्रेलरचा त्याच्या स्वतःच्या चाकांवर येणारा भार. तुमचा १२०० च्या वर जाणार. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीतून करंट मिळाला नाही तर ते नसल्यातच जमा. तेव्हा कंट्रोलरशिवाय हा ट्रेलर रस्त्यावर न्यायचाच नाही.

यात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सात पिनांच्या चपट्या प्लगमध्ये ५ नंबरची पिन ब्रेकची असते, वायर निळी. टोबार बसवताना कंट्रोलर घेतला नसेल तर ही पिन बऱ्याचदा रिकामीच सोडतात. इंडिकेटर लागतात, ब्रेक लाइट लागतो, टेल लाइट लागतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, आणि ट्रेलरचे ब्रेक मात्र पूर्ण मेलेले असतात. सॉकेट उघडून ५ नंबरला वायर आहे का ते बघा.

कंट्रोलर बसवल्यावर तो जुळवायचा कसा: सपाट, कोरडा, रिकामा रस्ता, ट्रेलर भरलेला. ताशी २० च्या वेगाने चालत असताना गाडीचा ब्रेक न दाबता कंट्रोलरचं हाताने लावायचं बटण दाबा. ट्रेलरने गाडीला मागे ओढलेलं स्पष्ट जाणवलं पाहिजे. गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) थोडा थोडा वाढवत जा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन घासायला लागली की एक-दोन पायऱ्या खाली आणा. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर आणखी कमी. ट्रेलर रिकामा केल्यावर परत जुळवावं लागतं.

दुसऱ्या कोणी ओव्हरराइड ब्रेकचा ट्रेलर देऊ केला तर त्याला कंट्रोलर लागत नाही. कपलिंग दाबलं गेलं की ब्रेक लागतात. पण रिव्हर्स घेताना, विशेषतः चढावर, हेच ब्रेक लागून बसतात. कपलिंगवरची रिव्हर्सची खिटी आधी पाडावी लागते.

जोडण्याचा क्रम असा:
१. ट्रेलरचा हँडब्रेक आणि चाकांना ठोकळे.
२. जॉकी व्हीलने कपलिंग बॉलच्या वर उचला, गाडी मागे घ्या, कपलिंगची कडी उघडी ठेवून खाली उतरवा. कडी बंद, सुरक्षा पिन आत.
३. आता जॉकी व्हील पुन्हा फिरवून ट्रेलर वर उचलायचा प्रयत्न करा. गाडीची मागची बाजू सोबत वर आली तर कपलिंग बसलं. नुसतं कपलिंगच वर आलं तर ते बॉलवर टेकलेलं होतं, धरलेलं नव्हतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कधीच टाळू नये.
४. सेफ्टी चेन कपलिंगच्या खालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलिंग सुटलंच तर ए-फ्रेम (ट्रेलरचा पुढचा त्रिकोणी सांगाडा) चेनवर झेलली जाते, रस्त्यात रुतत नाही. वळायला पुरेल एवढा ढिलेपणा ठेवा, पण जमिनीला घासता कामा नये. शॅकलवर भारक्षमता कोरलेली हवी.
५. प्लग लावा आणि मागे एकाला उभं करून सगळे दिवे तपासा.
६. जॉकी व्हील पूर्ण वर करून आडवं फिरवा किंवा काढून गाडीत ठेवा. खाली राहिलं तर पहिल्याच ड्राइव्हवेच्या उंचवट्यावर मोडतं.
७. ठोकळे काढा, हँडब्रेक सोडा. हा राहून गेला तर गाडी कुरकुरत का होईना, ओढत राहते आणि ड्रममधून धूर येईपर्यंत कळत नाही.

सोडताना आधी हँडब्रेक आणि ठोकळे, चेन सगळ्यात शेवटी.

वेस्टर्न_हायवे:

वरच्या दोघांशी सहमत. रिव्हर्सचं सांगतो.

रविवारी एखाद्या औद्योगिक वसाहतीतलं रिकामं पार्किंग गाठा आणि पाण्याच्या दोन बाटल्या तीन मीटर अंतरावर ठेवा. हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला धरा. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे न्यायची तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायची तर उजवीकडे. डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. वेग चालण्यापेक्षाही कमी.

कॅम्पर ट्रेलर आखूड असतो, म्हणून तो मोठ्या कॅरॅव्हानपेक्षा फार लवकर वळतो. नवशिके स्टिअरिंग जास्त फिरवतात आणि उशिरा परत आणतात. ट्रेलर वळायला लागला की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून गाडीने त्याच्या मागे जायचं. कोन जास्त झाला तर रिव्हर्समध्ये सुधारायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर ए-फ्रेम बंपरला लागते. सरळ पुढे जा, दोन्ही एका रेषेत आणा, पुन्हा सुरू करा. जागा निवडायला मिळाली तर ड्रायव्हरच्या बाजूने, म्हणजे उजवीकडे मागे घ्या. ट्रेलर खिडकीतून दिसतो.

बंद केलेला सॉफ्ट-फ्लोअर ट्रेलर ठेंगणा असतो, सरळ असताना आरशात जवळपास दिसतच नाही. मागच्या दोन कोपऱ्यांना काठ्या लावून रंगीत फडकी बांधा. मागे उभ्या राहणाऱ्याने आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. मुलं तेवढा वेळ गाडीत किंवा लांब.

रिव्हर्स घेण्याआधी गाडीची पार्किंग ब्रेक असिस्ट यंत्रणा बंद करा, नाहीतर ती ट्रेलरलाच अडथळा समजून मध्येच ब्रेक मारते. रस्त्यावर ॲडॅप्टिव्ह क्रूझही वापरू नका. तिचं अंतर ट्रेलर नसलेल्या गाडीच्या हिशेबाचं असतं.

वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, तेव्हा चौकात थोडं पुढे जाऊन वळा. पेट्रोलला थांबायचं तर सरळ आत-बाहेर करता येईल असाच पंप निवडा.

तुमच्या वाटेवर बॅकस मार्शच्या पुढे पेंटलंड हिल्सचा चढ आहे. जाताना वेग पडला तर पडू द्या, डाव्या लेनमध्ये राहा. येताना तोच उतार होतो. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून एस मोडमध्ये खालचा गिअर घ्या. हायब्रिडची बॅटरी भरली की तिची ब्रेकिंगची मदत कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा.

पर्थवासी:

डुलण्याबद्दल. मूळ कारण बहुतेक वेळा वजनाची मांडणी असते: मागे जड, बॉलवर हलकं. त्यात वेग, आडवा वारा किंवा शेजारून जाणारा बी-डबल (दोन ट्रेलरांचा लांब ट्रक) भर घालतो. मोठा ट्रक ओलांडताना आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं वाटतं. स्टिअरिंग घट्ट, सरळ.

डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, डुलण्याच्या विरुद्ध फिरवत बसू नका. गाडीचा ब्रेक जोरात मारू नका, त्याने ट्रेलर मागून ढकलतो. कंट्रोलरचं हाताचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. म्हणून ते बटण न बघता हाताला सापडेल अशाच जागी बसवून घ्या. गाडीची स्वे कंट्रोल (डुलणं आवरणारी) यंत्रणा मदत करते, पण चुकीची मांडणी ती दुरुस्त करू शकत नाही. थांबा, सामान पुढे सरकवा, मगच निघा.

वेग ९० च्या आसपास पुरे. आमच्याकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ट्रेलर असताना १०० च्या वर जाताच येत नाही. तुमच्या व्हिक्टोरियात पाटीवरची मर्यादा लागू आहे, म्हणून ११० ने ओढावं असं नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी ७.५ मीटरच्या वर जाते, त्यामुळे वस्तीबाहेर एकेरी लेनच्या रस्त्यावर पुढच्या लांब वाहनापासून ६० मीटर अंतर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि गाडी आळीपाळीने चालवणार असाल तर लायसन्स बघा: व्हिक्टोरियात एल किंवा लाल पी असलेल्याला ट्रेलर ओढता येत नाही, लाल पीला कामापुरते अपवाद आहेत.

टार्नेटकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. सॉकेट उघडून बघितलं, ५ नंबरची पिन रिकामीच आहे. आता कुठे जावं? आणि भाड्याचा ट्रेलर ताब्यात घेताना काय तपासू?

निळी_वायर:

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, टोबारवाल्याकडेच जावं लागतं असं नाही. गाडी हायब्रिड आहे हे फोनवरच सांगा. कंट्रोलर, त्याला लागणारा ब्रेक लाइटचा सिग्नल आणि मागे ५ नंबरपर्यंत निळी वायर, एवढं सगळं एकाच कामात करून मागा. एवढ्या लवकर वेळ मिळाली नाही तर ट्रेलरवर बसणारे, ब्लूटूथने चालणारे कंट्रोलर असतात. मालकाकडे तसला आहे का विचारा.

ताब्यात घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. भाड्याचे ट्रेलर उन्हात उभे राहतात, नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर चिरलेलं असू शकतं. सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर असेल तर दुसरा मागा. स्पेअर चाक आणि ट्रेलरच्या नटांना बसणारा पान्हा आहे का ते बघा, गाडीचा बसेलच असं नाही. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा, दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा भरायचं असतं. गॅस सिलिंडरवरच बंद करून निघायचं, किचनच्या स्लाइडची खिटी लावलेली हवी.

बॅलरॅटला थांबाल तेव्हा नट पुन्हा आवळा आणि ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ हात न्या. दोन्ही सारखेच कोमट असले तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग जातंय किंवा त्या बाजूचा ब्रेक घासतोय. तिथून पुढे न जाता मालकाला फोन करा.

ईस्टरच्या आधी वर्कशॉप भरलेली असतात, बुकिंगचा फोन आजच करा.