पहिला क्वार्टरबॅक ठरलेला असताना पोर्टलमधून आणखी एक कशासाठी?

हॅरिसबर्गकर

नमस्कार मंडळी. मुलगा पेन स्टेट विद्यापीठात शिकू लागल्यापासून आमच्या घरी शनिवार अमेरिकन कॉलेज फुटबॉलसाठी राखून ठेवलेला असतो. खेळाचे नियम आता बऱ्यापैकी अंगवळणी पडले आहेत, परंतु संघबांधणीतील एका गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

जानेवारीत ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, उघडले की अनेक प्रशिक्षक सांगतात, की आमचा पहिला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ठरलेला आहे, त्याच्यामागे हायस्कूलमधून आलेले एकदोन होतकरू खेळाडूही आहेत, तरीही पोर्टलमधून आम्ही आणखी एक अनुभवी क्वार्टरबॅक घेऊ पाहत आहोत आणि तो केवळ ‘डेप्थ’साठी, म्हणजे राखीव पाठबळ म्हणून, आहे. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक खेळतो. बचावफळीतले किंवा चेंडू घेऊन धावणारे खेळाडू आलटूनपालटून उतरवता येतात, तसे या जागेवर सहसा होत नाही. मग ज्याला बहुधा सगळा हंगाम कडेला उभे राहून काढायचा आहे, त्याच्यावर जागा, पैसा आणि सरावाचा वेळ खर्च करण्यात काय हशील?

आमच्या घरातला वाद पेन स्टेटवरूनच सुरू झाला. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवणारा प्लेऑफ तोंडावर आलेला असताना आमचा दुसरा क्वार्टरबॅक बो प्रिब्युला पोर्टलमध्ये गेला आणि पुढे मिझुरीत दाखल झाला. प्लेऑफमधला एसएमयू विद्यापीठाविरुद्धचा सामना 38-10 असा सहज जिंकल्यामुळे त्या दिवशी त्याची उणीव भासली नाही. मात्र 11 ऑक्टोबर 2025 रोजी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ड्रू अ‍ॅलर जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला, तो सामना 22-21 असा हातचा गेला, आणि पुढच्याच शनिवारी आयोवात एथन ग्रंकमायरला सुरुवातीपासून उतरावे लागले. तिथेही एका गुणाने हार झाली. मुलाचे म्हणणे असे, की अ‍ॅलरच्या मागे एक मुरलेला माणूस असायलाच हवा होता. माझे म्हणणे असे, की तो असता तर ग्रंकमायरसारख्या तरुणाला संधी कधी मिळाली असती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोलंबसकर

मी मुलाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण ओहायो स्टेटचा 2014 चा हंगाम आहे. ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटने संघ नोव्हेंबरअखेरपर्यंत नेला आणि मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. मग तिसरा, कार्डेल जोन्स, ज्याने तोपर्यंत एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती, तो उतरला. विस्कॉन्सिनला 59-0, अलाबामाला 42-35 आणि 12 जानेवारी 2015 रोजी अंतिम सामन्यात ऑरेगनला 42-20 असे हरवून त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. त्यानंतर आमच्याकडे तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकची चेष्टा कोणी करत नाही.

उलट बाजू फ्लोरिडा स्टेटची. 18 नोव्हेंबर 2023 रोजी जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. फ्लोरिडाविरुद्ध टेट रोडमेकर खेळला, त्याच्या डोक्याला मार बसला, आणि परिषदेच्या (म्हणजे संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनला उतरवावे लागले. बचावफळीच्या बळावर लुईव्हिलविरुद्धचा तो सामना 16-6 असा जिंकला, संघ 13-0 राहिला, तरीही चार संघांच्या प्लेऑफमध्ये त्याला घेतले नाही. मोठ्या परिषदेचा अपराजित विजेता असा वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ट्रॅव्हिसशिवायचा हा संघ वेगळा आहे, असे कारण निवड समितीने उघडपणे दिले. म्हणजे दुसरा क्वार्टरबॅक कसा आहे यावर सामनाच नव्हे, तर संघाची पतही ठरते.

आता प्लेऑफमध्ये 12 संघ असतात. 2024 च्या हंगामात विजेता ठरेपर्यंत ओहायो स्टेट 16 सामने खेळले. इतक्या सामन्यांत एकच क्वार्टरबॅक धडधाकट राहील असे गृहीत धरणारा प्रशिक्षक मला तरी धाडसी वाटेल. क्रिकेटच्या दौऱ्यावर दुसरा यष्टिरक्षक नेतात, तो अकरांत बसणार नाही हे ठाऊक असूनही नेतात, तसेच हे.

अर्धविराम

वरील प्रतिसादातील घटना बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कार्डेल जोन्स पोर्टलमधून आलेला नव्हता. तो 2012 पासून त्याच संघात होता आणि तीच खेळपद्धती तिसऱ्या वर्षी गिरवत होता. डिसेंबर 2024 मध्ये कार्सन बेकचा कोपर दुखावल्यावर ज्याने जॉर्जियाला टेक्सासविरुद्ध 22-19 असे जिंकून दिले, तो गनर स्टॉक्टनसुद्धा घरचाच, 2022 पासूनचा. वेळेला कामी आलेले हे दोघे आधी वर्षानुवर्षे थांबलेले होते.

बाहेरून आणलेल्या पाठबळाचे काय होते, हे 2025 च्या सिराक्यूजकडे पाहून समजते. नोत्र दामचा बॅकअप स्टीव्ह अँजेली, ज्याने त्या जानेवारीत ऑरेंज बोलमध्ये रायली लेनर्ड थोडा वेळ बाहेर असताना डाव सांभाळला होता, तो एप्रिलमध्ये सिराक्यूजला गेला. तिथे त्याच्यामागे एलएसयूहून आलेला रिकी कॉलिन्स होता, म्हणजे कागदावर डेप्थ उत्तम. 20 सप्टेंबरला क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर हरवताना अँजेलीच्या टाचेची शीर तुटली. त्यानंतर सिराक्यूजने एकही सामना जिंकला नाही आणि हंगाम 3-9 वर संपला. अखेरीस लॅक्रॉस खेळणाऱ्या, शिष्यवृत्ती नसलेल्या एका नवख्याला क्वार्टरबॅक करावे लागले. आणि प्रिब्युलाचे मिझुरीत काय झाले तेही लक्षात घ्यावे. तिथे त्याचा प्रतिस्पर्धी सॅम हॉर्न पहिल्याच सामन्यात पाय मोडून घेऊन हंगामाबाहेर गेला, ऑक्टोबरअखेरीस खुद्द प्रिब्युलाचा घोटा निखळला, आणि पहिल्या वर्षाचा मॅट झोलर्स मैदानात उतरला. डेप्थ ही वस्तू यादीतील नावे मोजून मिळत नाही.

शिवाय जागाही आता महाग झाली आहे. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार शाळांना (म्हणजे विद्यापीठांना) खेळाडूंशी महसूल वाटून घेता येतो, पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्याबरोबरच ती तडजोड स्वीकारणाऱ्या शाळांना फुटबॉल संघात 105 खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी 85 शिष्यवृत्त्या आणि वर शिष्यवृत्ती नसलेले हवे तितके वॉक-ऑन असत, त्यांत चौथा-पाचवा क्वार्टरबॅक फुकटात सामावून जाई. आता प्रत्येक नाव मोजूनमापून घ्यावे लागते.

हॅरिसबर्गकर

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मग प्रश्न असा उरतो, की घरचा माणूस थांबतच नसेल तर करायचे काय? प्रिब्युला घरचाच होता, अँजेलीही घरचाच होता. आणि जो बाहेरून येतो, तो ‘तुला खेळायला मिळणार नाही’ हे ऐकूनही का येतो?

दख्खनी_ह्यूस्टन

ताई, तुमच्या या प्रश्नात सगळे मर्म आहे. पूर्वी शाळा बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. त्या भीतीने दुसरा-तिसरा क्वार्टरबॅक जागेवर राही. पोर्टल ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले, 2021 मध्ये एकदा शाळा बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि 2024 पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा शाळा बदलून लगेच उतरता येते. ज्याला खेळण्याची खरी इच्छा आणि कुवत आहे, तो दुसऱ्या क्रमांकावर दोन वर्षे कशाला थांबेल? त्यामुळे ‘चांगला आणि थांबणारा’ हे दोन गुण एकाच तरुणात मिळणे अवघड झाले आहे, आणि प्रशिक्षकाला त्यांपैकी थांबणे हा गुण वेगळा विकत घ्यावा लागतो.

तो ज्यांच्याकडे असतो ती माणसे ओळखता येतात. एक म्हणजे कॉलेजात खेळण्याच्या पात्रतेचे शेवटचे वर्ष उरलेला, पदवी झालेला, पुढे प्रशिक्षक व्हायचा विचार करणारा खेळाडू. नेब्रास्का आणि ऑरेगन स्टेट करून 2023 मध्ये ओहायो स्टेटला आलेला ट्रिस्टन गेबिया हे त्याचे उदाहरण मानता येईल. काइल मकॉर्ड आणि डेव्हिन ब्राउन यांच्यात पहिल्या जागेची स्पर्धा चालू असताना हा माणूस आला, कारण खोलीत तरुण होते आणि मुरलेला कोणी नव्हता. दुसरा प्रकार, प्रशिक्षकाच्या ओळखीने येणारा. टायलर बुकनर 2023 च्या वसंतात नोत्र दामहून अलाबामाला गेला, कारण त्याला शिकवणारे टॉमी रीस तिथे आक्रमणाचे प्रमुख झाले होते. त्याला डावांची भाषा नव्याने शिकावी लागली नाही, हा मोठा फायदा. पण सप्टेंबरमध्ये साउथ फ्लोरिडाविरुद्ध सुरुवात करण्याची संधी मिळाली तेव्हा तो चालला नाही, अलाबामा 17-3 असे कसेबसे जिंकले, आणि पुढच्या सामन्यापासून आधीचा क्वार्टरबॅक जेलन मिलरो परतला. तोही अनुभव गृहीत धरायला हवा.

ज्या गोष्टीवर कोणी लिहिले नाही ती म्हणजे सरावातील ‘रेप्स’, म्हणजे प्रत्यक्ष खेळून गिरवायला मिळणारे डाव. हंगामात आठवड्याला 20 तासांहून अधिक सराव घेता येत नाही. त्यात पहिल्या फळीबरोबरचे बहुतेक डाव पहिल्या क्वार्टरबॅकला द्यावेच लागतात, आणि उरलेल्यांत दुसरा आणि तिसरा. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्या बचावफळीला सराव देणाराही कोणीतरी लागतो. हे काम जर पहिल्या वर्षाच्या होतकरू मुलावर टाकले, तर तो आठवडाभर दुसऱ्याच संघाची खेळपद्धती गिरवतो आणि आपली शिकायचे राहून जाते. अनुभवी माणूस ते काम करतो, बैठकीत चित्रफीत पाहताना बचावाची चाल ओळखून सांगतो, कडेला उभा राहून इशारे देतो. 2024 पासून हेल्मेटमधून प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो खरा, पण डावाच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे समोरचा बचाव हलला तर काय करायचे हे क्वार्टरबॅकलाच ठरवावे लागते, आणि ती तयारी मंगळवार-बुधवारच्या सरावातच होते. म्हणून डेप्थसाठी घेतलेल्या माणसाचा उपयोग तो मैदानात न उतरताही होतो. ‘कडेला उभे राहून हंगाम काढणे’ हे वर्णन मला थोडे अन्यायकारक वाटते.

ग्रंकमायरबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर नियमातच उतारा आहे. 2018 पासून खेळाडू हंगामात चार सामन्यांपर्यंत खेळला तरी ‘रेडशर्ट’ घेऊन त्याचे पात्रतेचे ते वर्ष वाचवता येते. अनुभवी बॅकअप हाताशी असेल तर तरुणाला सोप्या सामन्यांत, आघाडी मोठी असताना उतरवता येते. तो नसेल तर त्याला आयोवासारख्या ठिकाणी, प्रेक्षकांच्या गदारोळात, तयारी असो वा नसो, ढकलावे लागते. संधी दोन्ही प्रकारे मिळते. दुसऱ्या प्रकाराला मी संधी म्हणायला कचरतो.

कोलंबसकर

गेबियाचा उल्लेख आलाच आहे तर त्याची पुढची हकिगत सांगायला हवी, जरी ती माझ्या बाजूला मारक असली. 2023 च्या अखेरीस मकॉर्ड पोर्टलमध्ये गेला. मिझुरीविरुद्धच्या कॉटन बोलमध्ये ब्राउनने सुरुवात केली, त्याचा घोटा दुखावला, आणि आमच्या प्रशिक्षकांनी गेबियाऐवजी पहिल्या वर्षाच्या लिंकन कीनहोल्झला उतरवले. आम्ही 14-3 असे हरलो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी अनुभवी माणूस ठेवला असे लोक समजत होते, तो प्रसंग आला आणि तरीही भविष्याचा विचार जिंकला. दख्खनी_ह्यूस्टन म्हणतात त्याप्रमाणे त्याचा उपयोग आठवडाभराच्या सरावात झाला असेल, पण मग तो सामन्यासाठीचा विमा होता असे म्हणता येत नाही.

दख्खनी_ह्यूस्टन

मान्य. किंबहुना त्या दोन कामांसाठी दोन निरनिराळी माणसे लागतात, आणि एकच ‘डेप्थ’ हा शब्द दोघांना लावल्यामुळे आपला इथे गोंधळ होतो आहे. सामना वाचवू शकेल असा बॅकअप हवा असेल, तर ज्याने छोट्या शाळेत वर्ष-दोन वर्षे सुरुवात केली आहे असा शोधावा लागतो, आणि त्याला पहिल्या जागेसाठी प्रामाणिक स्पर्धेचे आश्वासन द्यावे लागते. नाहीतर तो येणार नाही, आणि आला तर पुढच्या जानेवारीत जाईल.

हॅरिसबर्गकर ताई, आणखी एक व्यवहाराची बाब. एप्रिलमधली पोर्टलची खिडकी आता बंद झाली आहे. 2026 मध्ये 2 ते 16 जानेवारी ही एकच मुदत ठेवली आहे. पूर्वी वसंतातले 15 सराव पाहून कोण कमी पडतो हे ठरवता येई आणि मग बाहेर पाहता येई. नोत्र दामने अँजेलीला गमावले तेही त्याच खिडकीत. आता प्रशिक्षकाला ते सराव होण्याआधीच अंदाज बांधावा लागतो, आणि म्हणूनच जानेवारीत अशा घोषणा अधिक ऐकू येतात. मात्र जानेवारीत आलेला माणूस ते 15 सराव पूर्ण करतो आणि ऑगस्टपर्यंत त्याला डावांची भाषा येते. पुढच्या वेळी अशी घोषणा ऐकलीत तर त्या खेळाडूची पात्रता किती वर्षांची उरली आहे आणि त्याने आजवर किती सामन्यांची सुरुवात केली आहे, एवढे पाहा. एकच वर्ष उरलेले आणि सुरुवातीचे सामने मोजकेच असतील, तर तो सरावासाठी घेतलेला आहे. दोन वर्षे उरलेली असतील आणि मागे पुष्कळ सामने असतील, तर प्रशिक्षक काहीही म्हणोत, ठरलेल्या पहिल्या क्वार्टरबॅकने सावध राहावे.