ग्रीसला जुलै-ऑगस्टमध्येच जा? हा सल्ला आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना देऊ नका

घाटवाट
'ग्रीस पाहायचं तर जुलै-ऑगस्टमध्येच, बाकी वेळी बेटं मेलेली असतात' असं निळाईताईंनी काल ठामपणे लिहिलं. तिथेच उत्तर देत होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

आपल्याकडून जाणारे बरेच लोक आई-वडिलांना घेऊन जातात आणि त्यांना अथेन्सच्या टेकडीवरचा अ‍ॅक्रोपोलिस, डेल्फीचे प्राचीन अवशेष, मेटिओराचे कड्यांवरचे मठ बघायचे असतात. अ‍ॅक्रोपोलिसवर सावली नाही. पायाखाली संगमरवर, तोही लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं उष्णतेच्या लाटेत सरकारला तो भर दुपारी बंद ठेवावा लागला. २०२५ मध्ये तर तीस युरोचं, ठरावीक वेळेचं तिकीट हातात घेऊन लोक खालीच. जून २०२४ मध्ये उन्हात चालायला गेलेले अनेक परदेशी पर्यटक दगावले. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावरच्या वणव्यामुळे सुमारे एकोणीस हजार माणसं हलवावी लागली. हे ठाऊक असताना साठी ओलांडलेल्यांना जुलैत पाठवायचं?

मार्चच्या मध्यापासून त्यांच्या ऑर्थोडॉक्स ईस्टरपर्यंत (म्हणजे एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीपर्यंत) जा. डेल्फीला रानफुलं आणि वर पार्नासोस डोंगरावर बर्फ एकाच वेळी दिसतो. दुपारीही स्वेटर कमरेला बांधून चालता येतं.

निळाई
आणि समुद्राचं काय? मार्चमध्ये पाण्यात पाय घालून दाखवा. लोक आयुष्यभर पैसे साठवून ग्रीसला जातात ते त्या निळ्या पाण्यासाठी. पडके खांब बघायला हंपी आहे. तुमच्या त्या मार्चमध्ये सँटोरिनीची निम्मी हॉटेलं उघडलेली नसतात, बोटी कमी, वर पाऊस. आम्ही जुलैत गेलो, सकाळी आठला अ‍ॅक्रोपोलिस, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र. आईला काही झालं नाही. उन्हाचं नियोजन करता येतं, बंद हॉटेलचं नाही.

घाटवाट
तुमच्या आईला झालं नाही, आनंद आहे. माझ्या वडिलांना अथेन्समध्ये चक्कर येऊन सलाईन लावावं लागलं, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. आणि बोटींचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी वारा सुटतो, जोर वाढला की बोटी बंदरातच. १५ ऑगस्टला येशूची आई मरियम हिचा मोठा सण. अख्खा ग्रीस गावाला नाहीतर तिनोस बेटावरच्या यात्रेला निघालेला असतो, तेव्हा तिकीट मिळवून दाखवा.

शाळेची घंटा
मुलं असलेल्या माणसाने या धाग्यात काय करायचं ते कुणीच लिहीत नाही. मार्चमध्ये परीक्षा. आम्हाला मे सोडून पर्याय नाही, आणि मेसाठी व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवताना दमछाक होते. वर गंमत म्हणजे आपण महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून जातो आणि १ मेला तिथली सगळी पुरातत्त्व स्थळं बंद! आमच्या टूरवाल्याने हे सांगितलं नव्हतं. फाटकाबाहेरून फोटो काढून परत आलो.

तिखटमीठ
तापमान, बोटी सगळं ठीक. खायचं काय? आमच्या सासूबाई पूर्ण शाकाहारी. ग्रुप टूरमध्ये रोज तेच काकडी-टोमॅटोचं सॅलड आणि फ्राइज. चौथ्या दिवशी रडकुंडीला आल्या. ऋतू कुठलाही असो, शाकाहाऱ्यांनी या देशाच्या वाटेला जाऊ नये.

घाटवाट
उलट यासाठीच मी ईस्टरच्या आधीचा काळ म्हणतोय! तेव्हा त्यांचा मोठा उपवास असतो. मांस, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. खानावळीत विचारा 'निस्तिसिमो', म्हणजे उपवासाचं, काय आहे. पांढऱ्या वालांसारख्या मोठ्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, घेवड्याचं सूप फासोलादा, पिवळ्या डाळीचा फावा, लिंबू पिळलेली रानभाजी, तिळाचा हलवा. माझी आई तिथे घरच्यासारखी जेवली.

तिखटमीठ
त्या उपवासाला कोळंबी, शिंपले, ऑक्टोपस चालतात, हे का गाळलंत? २५ मार्चला तर चक्क तळलेला मासा खातात. आमच्या घरी त्याच कढईत तळलेला बटाटाही चालत नाही.

बोंबील
मग एवढे नियम असतील तर घरी बसावं. दुसऱ्याच्या देशात जाऊन त्याची कढई तपासायची ही कुठली रीत? ग्रीसला जाऊन ऑक्टोपस न खाणं म्हणजे मालवणला जाऊन वरणभात.

तिखटमीठ
मालवणला जाऊन वरणभात खाणारे हजारो आहेत आणि त्यांना तो प्रेमाने वाढला जातो. सत्तरीच्या बाईने आयुष्यात एकदा परदेश बघायचा की नाही हे तुम्ही ठरवणार का?

बोंबील
तसं म्हणायचं नव्हतं. पण सगळे धागे शेवटी शाकाहारावरच येतात, याचा कंटाळा आलाय.

निळाई
मूळ मुद्द्यावर या. ज्येष्ठांसाठी एप्रिल, एवढं मान्य करते, आणखी काही नाही. पोहायचं असेल तर मात्र सप्टेंबर. पाणी तापलेलं, गर्दी ओसरलेली. एप्रिलमध्ये बेटांवर जाऊन हॉटेलात बसलेले लोक मी पाहिलेत.

घाटवाट
सप्टेंबरच्या पाण्याबद्दल वाद नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्येच डॅनियल वादळाने मध्य ग्रीसमधलं थेसली बुडवलं, तेव्हा तोही महिना बिनघोर नाही.

शाळेची घंटा, तुमच्यासाठी: २०२७ मध्ये त्यांचा ईस्टर २ मेला आहे, म्हणजे उपवास १५ मार्चपासून १ मेपर्यंत. परीक्षा संपल्या की एप्रिलचा शेवटचा पंधरवडा तुम्हाला सापडतो. तिखटमीठ यांच्या सासूबाईंनाही.

शाळेची घंटा
चालेल, पण ईस्टरला सगळे ग्रीक गावी जातात, मग बोटींचं तेच १५ ऑगस्टसारखं होणार ना? आणि ३० एप्रिलला त्यांचा गुड फ्रायडे, १ मेला बंद, २ मेला ईस्टर म्हणून बंद. म्हणजे २९ एप्रिलच्या आत अथेन्स उरकायचं आणि बोटीची तिकिटं आधीच काढायची. हे टूरवाल्याकडून लेखी घेईन, तरच पैसे भरीन.