अणुकचरा पुरायचा तर ग्रॅनाइटात की शेलमध्ये?

खडकवेडा (सेमिनरी हिल्स)
अणुभट्टीच्या कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे ग्रॅनाइटचं नाव घेतात. का, तर फिनलंडने ओंकालोला ४०० मीटरहून खोल कठीण खडकात बोगदे खोदले. पण फ्रान्सने ब्यूरला चिकणखडकच (शेलसारखा, चिकणमाती दबून झालेला खडक) धरलाय, आणि स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये जागा ठरवली तीही ऑपॅलिनस क्ले या चिकणखडकाच्या थरात. हा १७ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा गाळ. त्या समुद्राच्या पाण्याचा अंश अजून त्याच्या छिद्रांत सापडतो, म्हणजे पाणी हललेलंच नाही. किरणोत्सारी अणू सरकले तर नुसत्या विसरणाने, मीटरभर जायला हजारो वर्षं. ग्रॅनाइटात मात्र एक फट भेटली की पाणी वाट काढतं. म्हणून तिथं तांब्याचे डबे, त्यांच्याभोवती बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती. शेवटी भरवसा मातीवरच की नाही?

आपली काळी माती बघा. मे महिन्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा, मृगाच्या दोन दमदार सरींनंतर शोधून सापडत नाहीत. शेल खोलवर तेच करतो. भारतात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडक तापवून पाहण्याचे प्रयोग झाले, तेही कठीण खडकात. शेलकडे बघायचंच नाही, हे मला पटत नाही.

कोअरबॉक्स
भाऊ, माझी नोकरी कामठी-सावनेर पट्ट्यातले कोळशाचे कोअर (बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल) बघण्यात गेली. शेल पेटीत दिसतो, पण सलग किती? वर कामठीचा वालुकाश्म, पाण्याने भरलेला. खाली बराकर हा कोळशाचा थरसमूह: वालुकाश्म, शेल, कोळसा, पुन्हा वालुकाश्म. मधल्या मोतूर थरात चिकणमाती बरी आहे, तर तिच्यातही वाळूचे पट्टे. शिवाय फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा, आहेतच. ब्यूरला १३० मीटरच्या आसपास जाड एकसंध थर आहे, तसा इथं दाखवा. आणि जिथं कोळसा आहे तिथं पुढच्या पिढ्या बोअर मारणारच. खाली काय पुरलंय हे त्यांना कोण सांगणार?

धरमपेठचा बाप्पू
औष्णिक केंद्रांची राख आमच्या नाकात, आता अणुकचराही विदर्भातच काहून? मुंबई-पुण्याकडे शेल नाही काय राजेहो?

खडकवेडा
@बाप्पू, तिकडे बेसाल्ट आहे. आणि नागपुरात पुरा असं मी कुठं म्हटलंय?

बोगदेवाली
काळ्या मातीचंच घेऊ. ती भेगाळते कशाने? वाळल्याने. फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे साठवण निदान १०० वर्षं परत काढता येण्याजोगी हवी. म्हणजे तेवढा काळ बोगद्यात हवा खेळणार, भिंती सुकणार, तडकणार. शिवाय शेल आत दबत येतो, पोलादी कमानी आणि शॉटक्रीटशिवाय (फवारलेल्या काँक्रीटशिवाय) उभा राहत नाही. ब्यूरच्या प्रयोगशाळेत जानेवारी २०१६ मध्ये दरड कोसळून एक कामगार गेला.

उष्णतेचंही बघा. शेलमध्ये तापमान साधारण ९० अंशांच्या आत ठेवावं लागतं, म्हणून डबे लांब लांब ठेवायचे. डब्यांचं पोलाद गंजून हायड्रोजन वायू होतो, आणि जो थर पाणी सोडत नाही तो वायूही सहजासहजी सोडत नाही. त्यात चिकणमातीच्या कणांवर ऋण भार. धन भाराचं सिझियम पकडतील, पण ऋण भाराच्या किरणोत्सारी आयोडीन-१२९ ला उलट दूर लोटतील. त्याचं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त.

खडकवेडा
आयोडीन ग्रॅनाइटही धरत नाही, मग तो दोष एकट्या शेलच्या माथी का? उष्णतेवर उपाय थांबणं. काचेत ओतलेला कचरा आपण तारापूरला हवेने थंड होत ठेवलाच आहे, आणि खोल भांडाराची तातडी नाही असं सरकार संसदेत सांगत आलंय. सुकलेल्या भिंतींचं म्हणाल तर बोगदे बुजवल्यावर पाणी परत मुरतं आणि भेगा मिटतात. स्वित्झर्लंडमध्ये माँ तेरीच्या प्रयोगशाळेत १९९६ पासून अशाच गोष्टी मोजतायत. हायड्रोजनचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

कोअरबॉक्स
तुमचं सगळं ऑपॅलिनसवर उभं आहे. भारतात शेलचे जाड थर कुठं, तर विंध्य आणि कडप्पा खोऱ्यांत. ते अब्ज वर्षांच्या घरातले म्हातारे खडक. फुगणारी खनिजं केव्हाच न फुगणारं इलाइट झाली, खडक कडक झाला. असा शेल तडकतो, पण बुजेलच असं नाही.

खडकवेडा
"बुजेलच असं नाही" म्हणजे तपासलेलं नाही. कडप्पाचा कोअर घ्या, दाबाखाली फोडा, महिनोन्महिने पाणी द्या आणि पाझर मोजा. एवढं तर करू.

कोअरबॉक्स
करा ना. माझा विरोध जागेला आहे, प्रयोगाला नाही. कामठीच्या वालुकाश्माखाली मात्र काही ठेवायचं नाही, विहिरी त्याच्यावरच आहेत.