राखड गेटाबाहेर पडली की कोणाची?

नाल्याकाठी:

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दोन एकरांचा खोलगट तुकडा होता, मुरमाची जुनी खाण. तीन वर्षांपूर्वी मालकाने तो औष्णिक वीज केंद्राच्या राखडीने, म्हणजे कोळशाच्या राखेने, भरून घेतला, कारण प्लॉट पाडायचे होते. रात्रभर हायवा डंपरांची रांग, ताडपत्री अर्धी उडालेली, सकाळी तुळशीवर राख. भरून झाल्यावर वर मातीचा जाड थर द्यायचं ठरलं होतं, तो पडला वीतभर. गेल्या आषाढात एक कडा खचली आणि राखड सरळ नाल्यात. पाण्यावर राखाडी साय आली. म्हशी काठापर्यंत गेल्या आणि तोंड न लावता परतल्या. उन्हाळ्यात नाला आटला तेव्हा तळाशी गुळगुळीत थर होता. पाय दिला की पापुद्रा फुटतो आणि खालून पिठासारखी राख उडते. खालच्या दोन विहिरी याच नाल्याच्या पाझरावर भरतात.

तक्रार घेऊन फिरलो. केंद्रवाले म्हणाले, आम्ही रीतसर दिली, पुढचं वाहतूकदार बघेल. वाहतूकदार म्हणाला, मालकाने दाखवली तिथे ओतली. मालकाने प्लॉट विकून टाकलेत. तलाठी म्हणे हा प्रदूषणाचा विषय, आणि प्रदूषणाच्या कार्यालयात विचारलं की हा राख तलाव आहे का, म्हणजे केंद्राने बंधारा घालून राख साठवायला केलेला? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. केंद्राचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा त्यांच्यावरच अडकेल.

केंद्र सरकारची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते की औष्णिक केंद्राने राखेचा १०० टक्के वापर करायचा. वापर झाला नाही तर टनाला १००० रुपये पर्यावरण भरपाई. आणि 'वापर' म्हणून जे मोजलं जातं त्यात विटा, सिमेंट, रस्ते यांच्याबरोबर सखल जमीन भरणंही आहे. आता हिशोब करा. दोन एकर, दहा फूट खोल, म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस हजार घनमीटर. घनमीटरला टनभर धरली तरी केंद्राची जवळपास अडीच कोटींची टांगती तलवार एका खड्ड्यात पुरली गेली. कागदावर तो खड्डा 'उपयोग', आमच्या लेखी उकिरडा.

म्हणून माझं म्हणणं: भरणीच्या जागेची जबाबदारी राख तयार करणाऱ्याकडेच राहावी, जमीन चार वेळा विकली गेली तरी. आणि परवानगी देणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या जागेखालच्या ओढ्याचं पाणी निदान दहा वर्षं तपासावं. पटत नसेल त्यांनी सांगा.

निवृत्त बॉयलर:

पटत नाही. बत्तीस वर्षं औष्णिक केंद्रांत काढली, त्यातली सहा ॲश हँडलिंगला, म्हणजे राख हाताळणाऱ्या विभागात, म्हणून लिहितो.

आधी ती 'साय'. ते सेनोस्फिअर असतात, राखेतल्या पोकळ गोळ्या, पाण्याहून हलक्या म्हणून तरंगतात. लोक त्या गाळून विकतात. साय दिसली म्हणजे विष आलं असं होत नाही.

दुसरं. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. शंभर वाघिणी कोळसा जाळला तर तीस-चाळीस वाघिणी राख उरणारच. ती तलावात साठवली तर तुम्ही म्हणणार बंधारा फुटेल, बाहेर दिली तर म्हणणार नाला खराब झाला. विटा, सिमेंट सगळी राख खात नाहीत हो. भरणी योग्य केली तर चांगली टिकते; रस्त्याच्या भरावात कडेला एक ते तीन मीटर मातीचं आवरण द्यायचं हे तंत्र वर्षानुवर्षं छापील आहे. तुमच्या गावी मालकाने वीतभर माती टाकली हा मालकाचा गुन्हा. पोलादाचा कारखाना सळई विकतो, उद्या बिल्डरने स्लॅब वाईट ओतला तर कारखान्याला पकडणार का?

नाल्याकाठी:

काका, सळई घ्यायला बिल्डर पैसे देतो. राखड घ्यायला आमच्या मालकाने दमडी दिली नाही, उलट वाहतूकही फुकट. जी वस्तू लोकांनी न्यावी म्हणून देणाराच खर्च करतो, तिला माल म्हणत नाहीत, आमच्याकडे तिला कचरा म्हणतात.

सेनोस्फिअरबद्दल आभार, ते माहीत नव्हतं. पण गोळ्या वर तरंगल्या आणि बाकीची राख तळाला बसली, तिचं काय?

कन्हानकाठ:

निवृत्त काका, 'तलावात साठवली तर तुम्ही म्हणणार बंधारा फुटेल' हे जरा जपून लिहा. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा मी नागपुरातच होते. राखेचं पाणी शेतांत, नाल्यात आणि पुढे नदीत गेलं. पाणीपुरवठ्याच्या बातम्या सुरू झाल्यावर शहराला कळलं की आपल्या नळाच्या वरच्या अंगाला काय आहे. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सिंगरौलीत सासनच्या वीज प्रकल्पाचा राख बंधारा फुटला, सहा माणसं गेली.

पण मला या धाग्यातला प्रश्न वेगळा वाटतो. बंधारा फुटला की निदान मालक कोण ते माहीत असतं. कॅमेरे येतात, नोटीस निघते. तुमच्या गावातल्यासारखी भरणी फुटत नाही, झिजते. दर पावसाळ्यात थोडीथोडी. तिचा पंचनामा कुठल्या तारखेचा करणार?

कलम चोवीस:

कायदा नाही असं समजू नका, कायदा भरपूर आहे. जल अधिनियम १९७४, कलम २४: ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून जाऊ देणं कुणालाही मना आहे. 'कुणालाही' म्हणजे केंद्र, वाहतूकदार, मालक, सगळे आले. आणि २०२१ च्या अधिसूचनेत १०० टक्के वापर 'पर्यावरणपूरक रीतीने' होईल याची प्राथमिक जबाबदारी केंद्राचीच आहे. हे पहिल्याच परिच्छेदात आहे. तेव्हा 'गेटाबाहेर गेली, आमचा संबंध संपला' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

सखल जमीन भरायला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आगाऊ परवानगी लागते. मंजूर जागा, ठिकाण, क्षेत्रफळ आणि किती राख टाकायची ते मंडळाने दर वर्षी संकेतस्थळावर टाकायचं आहे. अंमलबजावणीचे समांतर अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही आहेत, त्यामुळे तलाठ्याचं उत्तरही चुकलं.

मग अडतं कुठे? २०१६ च्या घातक कचरा नियमांत. तिथे फ्लाय ॲशला, म्हणजे याच बारीक राखेला, 'प्रमाण मोठं, परिणाम कमी' अशा गटात टाकून घातक कचऱ्यातून वगळलंय. घातक कचऱ्याची प्रत्येक खेप कुठून निघाली, कुठे उतरली याचा कागद गाडीबरोबर फिरतो. राखेला ती शिस्त लागू नाही. कागदच नसेल तर कोर्टात उभं राहून काय दाखवणार?

धागाकर्त्याशी मात्र एका ठिकाणी मतभेद. जबाबदारी एकट्या केंद्रावर टाकली तर जमीनमालक मोकाट सुटतील. फुकटात खड्डा भरून घ्यायचा, प्लॉट विकायचे, वर केंद्राकडे बोट. सातबाऱ्यावर भरणीची नोंद झाली पाहिजे, म्हणजे प्लॉट घेणाऱ्यालाही कळेल की आपण कशावर घर बांधतोय.

निवृत्त बॉयलर:

सातबाऱ्यावर नोंद ही सूचना चांगली आहे, मी सही करीन. पण 'परिणाम कमी' या शब्दांची टिंगल नको. आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, पारा राखेत असतात हे खरं, पण अत्यल्प प्रमाणात. मातीतही असतात.

कन्हानकाठ:

अत्यल्प गुणिले पंचवीस हजार टन, काका. आणि दगडात बंदिस्त असलेलं आणि मैद्याएवढं बारीक होऊन पाण्यात पडलेलं सारखं कसं? फ्लोराइड आणि बोरॉन तर पाण्यात उतरायला वेळही घेत नाहीत.

वीजबिल भरणारा:

सगळे भावुक झालेत म्हणून एक रुक्ष प्रश्न. दहा वर्षं पाणी तपासा, भरणी उकरून काढा, मातीचे थर द्या, याचे पैसे कोण देणार? केंद्र देणार म्हणजे दर वाढणार, म्हणजे मी देणार. माझ्या घरी दोन पंखे आणि एक फ्रीज आहे. नाल्याबद्दल सहानुभूती आहे, पण 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' याचा अर्थ शेवटी 'ग्राहकाने भरावं' असाच होतो.

शार्लटकर:

नेमकी हीच भांडणं इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात झाली, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ड्यूक एनर्जी या वीज कंपनीच्या बंद केंद्रातल्या राख तलावाखालचा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटला आणि सुमारे ३९ हजार टन राख डॅन नदीत गेली. पुढच्या वर्षी कंपनीने नऊ गुन्हे कबूल केले, दंड आणि भरपाई मिळून १०.२ कोटी डॉलर. त्यानंतर सहा ठिकाणची सुमारे ८ कोटी टन राख उकरून खाली पाणी न झिरपू देणारं अस्तर असलेल्या जागी हलवायची तडजोड झाली. वीजबिलवाल्यांना उत्तर: बिल कोणी भरायचं यावर इथेही वर्षानुवर्षं झुंज झाली, आणि २०२१ च्या तडजोडीत कंपनीला ग्राहकांकडून वसूल करायच्या रकमेतले सुमारे १.१ अब्ज डॉलर सोडावे लागले. तेव्हा सगळं ग्राहकावरच येतं असा काही निसर्गनियम नाही. वाद घालणारं कोणी असावं लागतं.

पण तुमच्या विषयाशी जास्त जवळचं हे आहे. २०१४ च्या इथल्या कायद्यात भरणीला उंबरठा ठेवलाय: एकरी ८ हजार टन किंवा एकूण ८० हजार टन ओलांडले तरच खाली अस्तर, भूजल तपासणी आणि आर्थिक हमी बंधनकारक. त्याखालच्या भरणीला नियम कितीतरी सैल. मग लोक काय करतात हे सांगायला नको, मराठी माणसाला उंबरठ्याच्या अलीकडे उभं राहणं समजतं.

नाल्याकाठी:

आमचा खड्डा एकरी बारा हजारांच्या घरात जातो, तुमच्याकडे अस्तर लागलं असतं. आमच्या खड्ड्यात खाली प्लास्टिकचा कागदही नाही.

वीजबिल भरणारे, तुमचा मुद्दा खरा आहे. फक्त आत्ता ते बिल कोण भरतंय ते सांगतो. खालच्या विहिरीवाल्याने जूनपासून जार लावलाय, वीस लिटरचा, रोज दोन. त्याच्याही घरी दोन पंखेच आहेत.

वीजबिल भरणारा:

जारचं पटलं. तरी दहा वर्षांचा आग्रह मला जास्त वाटतो. तीन पावसाळे तपासा, पाणी ठीक असेल तर सोडा.

कलम चोवीस:

तीन पावसाळ्यांत कळत नाही. राजस्थानात बिछडी गावातल्या रसायन कारखान्यांचा गाळ विहिरींत उतरला, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कंपनीने भरावं असा निकाल दिला, आणि पैशांचा वाद २०११ पर्यंत चालला. माणसं म्हातारी झाली तोवर. जमिनीखालचं पाणी आणि कोर्ट, दोन्ही आपल्या गतीने चालतात.

हायवावाला:

सारे शिकलेले लोक बोलून रायले, मी जरा बोलतो. माह्या दोन हायवा हायेत. आमाले शिव्या देता, पन आमच्या टनाचा काटा केंद्राच्या गेटवरच होते, तितं एक किलो इकडचं तिकडं होत नाई. गाडी बाहेर निंगाली का मंग कोनी पायत नाई. दोनदा माती टाका म्हनून मीच मालकाले बोल्लो होतो, तो म्हने पैसे तू देतं का? आता सांगा, माही काय चूक?

निवृत्त बॉयलर:

भाऊ, तुमची चूक नाही म्हणत. पण गेटपासवर उतरवायची जागा असते ना? आमच्या वेळी रजिस्टरला गावाचं नाव घालायचो.

हायवावाला:

गावाचं नाव कवा असते, कवा नसते.

कलम चोवीस:

गट नंबर?

हायवावाला:

गट नंबर कायले असंन? पावती हातात आहे माह्या, याच म्हयन्याची. गाडी नंबर, वजन, टाइम, सही.

नाल्याकाठी:

भाऊ, एक विचारतो, उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. कुठे उतरवली त्या रकान्यात काय लिहिलंय?

हायवावाला:

फोटो टाकनार नाई, धंदा हाय माहा. वाचून दाखवतो. 'सखल भाग भरणी'. बस, तेवढंच हाय.